शुष्क सिगारची शुश्रूषा

वस्तू उपभोगायला जेवढा वेळ लागतो त्याच्या हजारपट वेळ ती दुरुस्त करायला लागावा, असे उद्योग मानवजातीने फार थोडे निर्माण केले आहेत. सुकून काडी झालेली सिगार पुन्हा ओढण्याजोगी करणे हा त्यांतला एक प्रमुख उद्योग होय. मध्यम आकाराची सिगार कितीही सावकाश ओढली तरी तासाभरात संपते, आणि तीच कोरडी पडली असेल तर तिला पूर्वस्थितीवर आणायला जाणकारांच्या मते चार ते आठ आठवडे लागतात. यांतले मधले माप धरून सहा आठवड्यांचे तास मोजले, तर ते बरोबर १००८ भरतात. हा आकडा आपल्याकडे मठाधिपतींच्या नावाआधी लावण्याची चाल आहे, आणि सिगारच्या पुनरुज्जीवनाला वाहून घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची गंभीर विरक्ती पाहता तो त्याच्याही नावाआधी लावायला हरकत नसावी.

या उद्योगाचे आता रीतसर शास्त्र झाले आहे. त्यात वैद्यकाप्रमाणे निदान आहे, उपचार आहेत, पथ्य आहे, एकमेकांचे तोंड न पाहणारे संप्रदाय आहेत, आणि रुग्ण दगावल्यास दोष त्याच्या मूळ प्रकृतीवर ढकलण्याची सोयही आहे. त्या शास्त्राची ओळख करून घेण्यापूर्वी रुग्णाची शरीररचना पाहणे आवश्यक ठरते.

सिगार आतून-बाहेरून तंबाखूच्या पानांचीच असते. कागदाचा तिच्याशी संबंध येतो तो कंबरेला बांधलेल्या रंगीत पट्टीपुरता. तिच्यात पानांचे तीन थर असतात. गाभ्यातल्या पानांना फिलर म्हणतात, आणि ती लांबीच्या दिशेने चुण्या घालून अशी बसवलेली असतात की त्यांच्यामधून धुराला वाट मिळावी. गाभा आवळून धरणारे दुसरे पान ते बाइंडर. ते दणकट असते आणि सुंदर दिसण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. सर्वांत बाहेरचे पान म्हणजे रॅपर. ते पातळ, लवचिक आणि निवडून घेतलेले असते, सिगारचे रूप आणि चवीचा मोठा वाटा त्याच्याकडे असतो, आणि सिगार सुकली म्हणजे सर्वांत आधी तडकतेही तेच.

या पानांचा सर्वांत नावाजलेला मुलूख म्हणजे क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातला व्हुएल्टा अबाहो हा भाग. तिथे पाने तोडल्यावर ती आधी कोठारात टांगून वाळवतात, मग त्यांचे ढीग रचून आंबवतात. आंबताना ढीग आतून तापतो, पानांतला अमोनिया निघून जातो आणि कच्ची, झोंबणारी चव मऊ पडते. पुढे मुरवलेली पाने कारखान्यात पुन्हा ओलसर केली जातात, आणि सिगार वळणारा कारागीर, ज्याला स्पॅनिशमध्ये तोर्सेदोर म्हणतात, ती अर्धचंद्राकार पात्याने कापून हाताने वळतो. हवानाच्या कारखान्यांत १८६५ सालापासून या कारागिरांना काम चालू असताना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा पडली. १९३५ साली बाजारात आलेल्या मोंटेक्रिस्टो या सिगारला अलेक्झांडर द्यूमा यांच्या कादंबरीचे नाव मिळाले, ते याच प्रथेमुळे असे सांगतात. थोडक्यात, पान वाळवले, आंबवले, मुरवले, भिजवले, वळले, आणि वर त्याला फ्रेंच कादंबरीही ऐकवली. एवढे संस्कार झालेली वस्तू पुढे नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या शोकेसमध्ये मे महिन्यात तडकते, हा या विषयातला करुण भाग होय. तो संपल्यावर विनोदी भाग सुरू होतो.

तंबाखूचे पान आर्द्रताग्राही असते, म्हणजे भोवतालच्या हवेतला ओलावा ते शोषून घेते आणि हवा कोरडी असल्यास स्वतःजवळचा ओलावा तिला देऊन टाकते. हा व्यवहार हवा आणि पान यांचा हिशेब जुळेपर्यंत चालू राहतो. हवेतला ओलावा सांगताना सापेक्ष आर्द्रता हे माप वापरतात. एखाद्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ तिच्यात प्रत्यक्ष आहे, हे त्या मापावरून कळते. सिगारला सत्तर टक्के सापेक्ष आर्द्रता आणि सत्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस तापमान मानवते, असा जुना दंडक आहे. अलीकडे पासष्ट टक्केच बरे असे म्हणणारा पंथ वाढीस लागला असून, या पाच टक्क्यांवरून दोन्ही पंथांत कायमचे वितुष्ट आले आहे. एकमेकांच्या सिगारी मात्र दोन्ही पंथ आनंदाने ओढतात.

असे हवामान राखण्यासाठी जी पेटी वापरतात तिला ह्युमिडॉर म्हणतात. तिला आतून स्पॅनिश सीडार नावाच्या लाकडाचे अस्तर असते, कारण हे लाकूड ओलावा धरून ठेवते, सुगंधी असते आणि किड्यांना आवडत नाही. हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले असून महोगनी, तूण आणि कडुनिंब यांच्या कुळात मोडते. सिगार ज्या लाकडाच्या सहवासात सुगंधी होते ते कडुनिंबाच्या भाऊबंदांपैकी आहे, ही गोष्ट पेटीची किंमत सांगताना विक्रेते सहसा बोलत नाहीत. नवी पेटी स्वतःच तहानलेली असते. तिला आधी आठ-पंधरा दिवस ओलावा पाजावा लागतो. ही पायरी गाळून तिच्यात सिगारी ठेवल्या, तर कोरडे लाकूड त्यांचाच ओलावा ओढून घेते, आणि रुग्णालयानेच रुग्णाचे रक्त शोषल्याचा प्रकार घडतो.

सिगार सुकण्याची कारणे हवामानाआधी मनुष्यस्वभावात शोधावी लागतात. ज्याला सिगार ओढण्याची खरी आवड आहे त्याची सिगार सुकत नाही, कारण ती उरतच नाही. सुकते ती भेट मिळालेली, कोणाचा मान राखण्यासाठी घेतलेली किंवा योग्य प्रसंगासाठी जपून ठेवलेली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात सिगार शिरते ती बहुधा विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून, परदेशातून परतणाऱ्या भाच्याच्या किंवा जावयाच्या सामानातून. आणि ज्या घरात ती येते तिथे ती ओढणारा कोणी नसतो, किंवा असलाच तर त्याने सोडल्याचे चारचौघांत जाहीर केलेले असते. त्यामुळे ती शोकेसमध्ये, ताजमहालाची संगमरवरी प्रतिकृती आणि वक्तृत्व स्पर्धेत मिळालेली ढाल यांच्या मधोमध विराजमान होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती ‘खास क्यूबाची’ म्हणून दाखवली जाते, प्रत्येक पाहुणा ती नाकाशी धरून ‘वा’ म्हणतो, आणि प्रत्येक वेळी, ती ज्या नळीत आली त्या नळीचे झाकण उघडल्यामुळे राहिलासाहिला ओलावाही पाहुण्याबरोबर निघून जातो. ती ओढण्याचे मुहूर्त मात्र ठरलेले असतात: नातवाचे बारसे, निवृत्तीचा समारंभ, नव्या फ्लॅटचा ताबा. यांतला शेवटचा मुहूर्त पुढे ढकलण्याची बिल्डर मंडळींची हातोटी लक्षात घेता, सिगारने तोवर तग धरावा ही अपेक्षाच अवाजवी ठरते.

हवामानाचा वाटा त्यानंतरचा. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात दुपारची सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि उघडी राहिलेली सिगार थोड्याच दिवसांत कडक होते. उलट जुलैमधल्या मुंबईत आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरात असते आणि तिथे तीच सिगार बुरशी धरते. सत्तर टक्क्यांचा सुवर्णमध्य या दोन ठिकाणांच्या दरम्यान, बहुधा विदर्भ एक्स्प्रेसच्या बिनवातानुकूलित डब्यात रात्रीच्या काही तासांपुरता, लाभत असावा. काही घरांत सिगार जपण्यासाठी ती फ्रीजमध्ये ठेवतात. फ्रीज पदार्थ गार ठेवतो तसा आतली हवा कोरडीही करतो, शिवाय तंबाखूचे पान शेजारच्या वस्तूंचे वास उचलते. त्यामुळे काही महिन्यांनी तिथून निघणारी सिगार कडकडीत वाळलेली असते आणि तिला लसणीच्या चटणीचा वास येत असतो. सिगारचे समीक्षक तिच्या धुरात कोको, चामडे, ओली माती, मिरी अशा अनेक छटा ओळखतात. या छटेला मात्र त्यांच्या परिभाषेत अद्याप जागा मिळालेली नाही.

निदानाची पद्धत हाताची आहे. सिगार अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच दाबतात. निरोगी सिगार किंचित दबते आणि लगेच पूर्ववत होते. सुकलेली सिगार दबत नाही, ती कुरकुरते. तिच्या पायाशी, म्हणजे पेटवण्याच्या उघड्या टोकाशी, पानांच्या कडा सुटून त्यांचा भुगा तळहातावर येतो, आणि रॅपरवर शिरेच्या कडेने केसाएवढी चीर दिसते. अंग आक्रसल्यामुळे कंबरेची पट्टी सैल होऊन खालीवर सरकते. नाकाशी धरल्यास तंबाखूपेक्षा शोकेसच्या सनमायकाचा वास अधिक येतो. पट्टी सैल पण पान अखंड असेल तर रोग साध्य समजतात; चीर रॅपरभर गेली असेल तर असाध्य. पट्टीच गहाळ झाल्यामुळे सिगार क्यूबाची की कुठली हे सांगता येत नसेल, तर तिच्यावर खर्च करावा की नाही हा प्रश्न मात्र वैद्यकाचा राहत नाही, तो श्रद्धेचा होतो.

उपचाराचे मुख्य तत्त्व एकच आहे आणि ते म्हणजे घाई न करणे. यामागचे भौतिकशास्त्र समजायला सोपे आहे. कोरडी सिगार एकदम दमट हवेत ठेवली, तर ओलावा आधी बाहेरच्या पानाला आणि उघड्या पायाला मिळतो. पायाकडची गाभ्याची पाने फुगू लागतात, मधला भाग अजून कोरडाच असतो, आणि जे रॅपर महिनोन्‌महिने आक्रसून ठिसूळ झालेले आहे त्याला आतल्या फुगवट्याबरोबर ताणून घेणे जमत नाही. मग एखाद्या रात्री पायापासून वर अर्धा इंच चीर जाते, तिच्या दोन्ही कडा पापुद्र्यासारख्या बाहेर वळतात, आतून बाइंडरचा मळकट पट्टा डोकावू लागतो, आणि कोरडेपणात दोन वर्षे तग धरलेला रुग्ण औषधाने दोन दिवसांत दगावतो.

म्हणून आधी बासष्ट टक्के, दोन-तीन आठवड्यांनी पासष्ट, आणि अखेरीस एकोणसत्तर, असा चढता क्रम सांगितलेला आहे. त्यासाठी बाजारात तयार पुड्या मिळतात. वाफ जाऊ देणाऱ्या पण पाणी गळू न देणाऱ्या आवरणात क्षाराचे संपृक्त द्रावण, म्हणजे आणखी क्षार विरघळू शकणार नाही इतके घट्ट द्रावण, भरलेले असते. बंद डब्यातली हवा कोरडी असेल तर ते ओलावा सोडते, प्रमाणाबाहेर दमट असेल तर परत घेते, आणि आर्द्रता पुडीवर छापलेल्या आकड्याजवळ रोखून धरते. रुग्णाची प्रगती कळावी म्हणून काही उपासक सराफाकडे असतो तसला छोटा काटा आणून सिगारचे वजन दर आठवड्याला दशांश ग्रॅमपर्यंत नोंदवतात. वजन वाढायचे थांबले की ओलावा गाभ्यापर्यंत पोहोचला असे मानतात. सिगारी एकमेकींना खेटून ठेवू नयेत, दर दोन-चार दिवसांनी त्यांना पाव वळसा द्यावा, वरच्या खाली आणि खालच्या वर कराव्यात, हे पथ्य. अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची कूस बदलण्याचे काम ज्या घरात पगारी बाईंवर सोपवलेले असते, त्याच घरातला कर्ता पुरुष सिगारची कूस मात्र स्वहस्ते बदलतो; त्याबद्दल त्याच्या आईचे मत या शास्त्रात नोंदवलेले नाही.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी अनेक घरगुती पंथ आहेत. पहिला स्नानगृहपंथ. गरम पाण्याचा नळ सोडून न्हाणीघर वाफेने भरायचे आणि सिगार साबणाच्या फळीवर ठेवायची, ही त्याची दीक्षा. त्यात वाफ पानावर थेंब होऊन बसते, रॅपरवर डाग पडतात आणि धुरात पुढे चंदनाच्या साबणाची छटा येते. टाकीतले पाणी संपल्यामुळे सोसायटीच्या सभेत जे ऐकावे लागते ते वेगळे. दुसरा फलपंथ बंद डब्यात सफरचंदाची फोड ठेवायला सांगतो. तिसरा कंदपंथ सफरचंदाच्या गोड वासावर आक्षेप घेऊन बटाट्याच्या कापाचा पुरस्कार करतो, आणि चौथा पावाच्या तुकड्यावर विसंबतो. या तिन्ही पंथांचे तत्त्व एकच, की ओल्या पदार्थातून निघालेली वाफ पानात मुरावी. आणि तिघांचा शेवटही एकच, कारण आधी फोडीला, कापाला किंवा पावाला बुरशी येते आणि नंतर ती शेजारधर्म पाळते.

पाचवा स्पंजपंथ त्यातल्या त्यात शहाणा समजला जातो. डब्यात एका बाजूला सिगारी आणि दुसऱ्या बाजूला वाटीत भिजवून पिळलेला स्पंज, अशी त्याची मांडणी असते. पाणी मात्र ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले लागते, कारण नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजाच्या छिद्रांत साठून ती बुजवतात. त्या पाण्यात निम्मे प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळण्याची सुधारणाही रूढ आहे. हे द्रव्य आर्द्रता सत्तरच्या आसपास रोखते आणि बुरशीला अटकाव करते. सुधारकांचा हा पंथ जुन्या बटाटेवाल्यांना अडाणी समजतो, आणि पुडीवाले या दोघांनाही.

पंथ कोणताही असो, आर्द्रता मोजल्याशिवाय त्याचे खरेखोटे ठरत नाही. त्यासाठी ह्युमिडॉरच्या झाकणात आर्द्रतामापक बसवलेला असतो. पितळी कडेचे काट्याचे मापक दिसायला भारदस्त असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांचा काटा कायम सत्तरवर असतो, कारण तो तिथून हलत नाही. अशा मापकाची परीक्षा मिठाने घेतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, त्यावर पाण्याचे थोडे थेंब सोडून ते ओल्या रेतीइतपत भिजवायचे, विरघळू द्यायचे नाही, आणि ते झाकण व मापक एका घट्ट पिशवीत चोवीस तास बंद ठेवायचे. मिठाच्या संपृक्त द्रावणाभोवतीची हवा पंचाहत्तर टक्के सापेक्ष आर्द्रतेवर स्थिरावते, हा रसायनशास्त्रातला पक्का नियम असल्याने मापकाने पंचाहत्तरच दाखवले पाहिजे. साठ दाखवल्यास त्याच्या प्रत्येक वाक्यात पंधरा मिळवून ते वाचावे लागते.

याच नियमाची दुसरी बाजू कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हवेतली आर्द्रता पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच पाझरू लागते, आणि जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असल्याने ते त्याही आधी पाझरते. म्हणून मृगाचा पाऊस लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, आणि म्हणून जेवणाच्या टेबलावरच्या मिठात तांदळाचे दाणे टाकतात. मिठाची बरणी हा अशा रीतीने घरातला फुकट मिळालेला आर्द्रतामापक असून, तिला पाणी सुटले त्या दिवशी सिगारची पेटी उघडू नये, एवढा सल्ला ती न विचारता देते. सिगारच्या उपासकाचा मात्र तिच्यावर विश्वास नसतो. तो परदेशातून डिजिटल मापक मागवतो, आणि तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्याच बरणीतले चिमूटभर मीठ मागायला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो.

उपचार प्रमाणाबाहेर यशस्वी झाला तर दोन नवे रोग उद्भवतात. पहिला बुरशीचा. सिगारवर कधीकधी पांढरट भुकटी दिसते, आणि ती पानातल्या तेलांचे स्फटिक वर आल्याने धरलेली साय आहे, उत्तम मुरल्याची खूण आहे, असे मानणारा एक जुना संप्रदाय आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या नमुन्यांत ती बुरशीच निघाल्याचे प्रसंग वारंवार घडले, तरी संप्रदाय ढळलेला नाही; स्वतःच्या पेटीत दिसते ती साय आणि दुसऱ्याच्या पेटीत दिसते ती बुरशी, असा व्यवहार्य तोडगा त्याने काढला आहे. दुसरा रोग भुंग्याचा. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, तपकिरी, शास्त्रीय नावाने लॅसिओडर्मा सेरिकोर्नी म्हणून ओळखला जाणारा हा कीटक तंबाखूत अंडी घालतो. पेटी उबदार झाली की अंडी फुटतात, अळ्या आत बोगदे पाडतात, आणि सिगारला जिथे असू नये अशा ठिकाणी टाचणीएवढी भोके दिसतात. हळकुंडे, धने आणि मिरची यांत होणारा भुंगाही हाच. फरक इतकाच, की मसाल्यात तो दिसला तर गृहिणी डबा उन्हात ठेवून मोकळी होते, आणि सिगारमध्ये दिसला तर ती हवाबंद पिशवीत गुंडाळून काही दिवस बर्फाच्या कप्प्यात गोठवावी लागते, मग टप्प्याटप्प्याने बाहेर आणावी लागते, आणि सुकली असल्यास सगळे उपचार पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावे लागतात.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी सिगार का घेऊ नये, हा प्रश्न या शास्त्रात अशिष्ट मानला जातो, आणि त्याचे उत्तर दुर्मीळतेत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६२ च्या फेब्रुवारीत क्यूबाशी व्यापार बंद करणाऱ्या आदेशावर सही केली. त्यांचे वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, सही करण्यापूर्वी अध्यक्षांनी त्यांना आपल्या आवडीच्या एक हजार क्यूबन सिगारी जमवायला सांगितले, सॅलिंजर यांनी बाराशे जमवल्या, आणि साठा हाती आल्याचे कळल्यावरच लेखणी उचलली गेली. राष्ट्राचे धोरण आणि स्वतःची बेगमी यांतला क्रम कोणता असावा, याचा हा वस्तुपाठ होय. तेव्हापासून क्यूबाच्या सिगारला निषिद्ध वस्तूची प्रतिष्ठा मिळाली, आणि निषिद्ध वस्तू सुकली म्हणून कोणी टाकत नाही.

तरीही निसर्गाची एक मर्यादा राहतेच. सिगारची चव नुसत्या ओलाव्यात नसते. पानात सुगंधी तेले असतात, आणि पान कोरडे पडत असताना तीही हळूहळू उडून जातात. पाणी परत भरता येते, उडालेले तेल परत येत नाही. वर्ष-दोन वर्षे वाळलेली सिगार दोन महिन्यांच्या शुश्रूषेनंतर न तडकता पेटते, सरळ जळते, राखही धरून ठेवते, आणि चवीबद्दल विचारले तर ‘छान ओढली जाते’ असे उत्तर मिळते. आपल्या श्रमांनी वाचलेला रुग्ण बेचव आहे, असे कबूल करणारा वैद्य या क्षेत्रात अजून निपजलेला नाही.

चव कुठे राहते याचा एक प्रयोग मार्क ट्वेन यांनी तंबाखूविषयीच्या एका निबंधात वर्णिला आहे. ट्वेन यांच्या स्वस्त आणि उग्र सिगारींना त्यांचे मित्र भीत असत. त्यांनी एका मित्राच्या घरून चाळीस सेंटला एक अशा उंची सिगारी आणल्या, त्यांच्यावरच्या लाल-सोनेरी पट्ट्या काढून टाकल्या आणि त्या आपल्या नेहमीच्या कुप्रसिद्ध खोक्यात घालून जेवणानंतर पाहुण्यांपुढे ठेवल्या. पाहुण्यांनी त्या कशाबशा पेटवल्या आणि काही ना काही सबब सांगून घर सोडले. सकाळी पाहतात तो एक सोडून सगळ्या सिगारी दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर टाकलेल्या. जी एक बशीत सापडली ती ज्याच्या घरून सिगारी आणल्या होत्या त्याच मित्राची होती. पुनरुज्जीवनाच्या शास्त्राला या प्रयोगाचा निष्कर्ष उलट बाजूने लागू पडतो: पट्टी शाबूत असेल तर तेल उडाले तरी चव टिकते.

या साऱ्या ज्ञानाची चैन भारतातल्या चिरुटाला कधी परवडली नाही. त्रिचनापल्लीचा, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीचा चिरूट एकोणिसाव्या शतकात लंडनपर्यंत पोहोचलेला होता. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ सालच्या पहिल्या होम्सकथेत खुनी माणूस त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता हे राखेवरून ओळखले जाते, आणि होम्सने तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर प्रबंध लिहिल्याचेही त्या कथांत येते. होम्स निदान धूर निघून गेल्यावर प्रबंध लिहीत होता. आजचा अभ्यासक तो काडी ओढण्यापूर्वीच पुरा करतो. बिडीची गोष्ट तर त्याहून साधी आहे. निपाणीकडची तंबाखू तेंदूच्या पानात वळून केलेली बिडी पावसाळ्यात सादळते, आणि ओढणारा ती विस्तवाजवळ धरून क्षणभर शेकून घेतो. हा उपचार अर्ध्या मिनिटात आटोपतो, त्याला पेटी, पुडी, काटा, मापक यांपैकी काही लागत नाही, आणि त्यावर कोणी पंथ काढलेला नाही. दोन्हींत तंबाखूच, एकीचा ओलावा काढायचा, दुसरीला तो द्यायचा. अर्ध्या मिनिटाचे दोन महिने होतात ते तंबाखूमुळे नव्हे, ओढणाऱ्याला मिळणाऱ्या सवडीमुळे.

या शास्त्राने वैद्यकाची भाषा उसनी घेतली आहे, तेव्हा खऱ्या वैद्यकाचे मत नोंदवणे प्राप्त आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि धूर छातीत न घेणाऱ्यालाही तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग होऊ शकतो. म्हणजे उपचार चालू असेतो सिगार रुग्ण असते आणि माणूस तिची शुश्रूषा करतो. ती पूर्ण बरी होऊन पेटली की भूमिकांची अदलाबदल होते. तेव्हा ज्यांच्या घरी सुकलेली सिगार असेल त्यांनी ती तशीच राहू द्यावी आणि मिठाच्या बरणीला त्रास देऊ नये. कुरकुरणारी, तडकलेली, कोणीही न पेटवलेली सिगार ही तंबाखूची आजवर सापडलेली सर्वांत निरुपद्रवी अवस्था आहे.